मुंबई ते मालवण : साडेतीनशे किलोमीटरचा हिशेब

मुंबईचा विमानतळ आणि वेंगुर्ले तालुक्यातला चिपीचा विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर अंतर आहे. मुंबई–नागपूरच्या जेमतेम निम्मं. या मार्गावर आलेलं एटीआर जातीचं पंख्याचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे कागदावरचा प्रवास ४२ मिनिटांचा. अलायन्स एअरच्या वेळापत्रकात मात्र तो एक तास पंचवीस मिनिटांचा होता. आणि डोंबिवलीच्या घराला कुलूप लावून निघालेला माणूस मालवणच्या भरड नाक्यावर उतरेपर्यंत पाच-सहा तास मोडायचे. बेचाळीस मिनिटांचे सहा तास कुठे होतात, हे शोधायला गेलं की कोकणच्या दीडशे वर्षांच्या वाहतुकीचा इतिहास हाती लागतो. आणि त्या इतिहासात यंत्राचा वेग हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, असं माझं मत आहे.

आधी भूगोल. सिंधुदुर्गात सह्याद्री समुद्रापासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर उभा आहे. या चिंचोळ्या पट्टीत डोंगराच्या सोंडा आडव्या उतरतात आणि दर दोन सोंडांमधून एक नदी समुद्राकडे धावते. तिचं तोंड रुंद, खाडीचं. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणारा माणूस किनाऱ्याने सरळ जाऊ शकत नाही. त्याला आत वळून, नदी अरुंद होते तिथे ती ओलांडून, पुन्हा बाहेर यावं लागतं. महामार्ग आणि रेल्वे दोघांनीही हेच केलं आणि किनाऱ्यापासून तीस-चाळीस किलोमीटर आतून जाणं पसंत केलं. परिणाम असा की मालवण, देवगड, वेंगुर्लं ही जुनी बंदरं मुख्य रस्त्याच्या दृष्टीने फाट्यावरची गावं झाली. मुंबईहून मालवणला जाताना कसालला किंवा कुडाळला वळायचं आणि मग आणखी तीसेक किलोमीटर. रस्त्याचं एकूण अंतर पाचशेच्या घरात जातं. सरळ रेषेपेक्षा दीडशे किलोमीटर जास्त. हा खाड्यांना आणि घाटांना दिलेला कर.

समुद्राला हा कर नव्हता. म्हणून मालवणचा मुंबईशी पहिला नियमित संबंध जुळला तो बोटीने. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे पणजीला जात. पाण्यावरून मुंबई–मालवण पावणेदोनशे ते एकशेऐंशी सागरी मैल भरतं. तासाला दहा-बारा मैल कापणारी बोट आणि प्रत्येक बंदरातला थांबा धरला तर जवळपास एक दिवस. त्यातही मालवणच्या बंदराची गोष्ट वेगळी. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतला, त्याच्या आसपासचा समुद्र पाण्याखालच्या खडकांनी भरलेला आहे. शत्रूचं गलबत तिथे सहजी शिरणार नाही, हेच त्या जागेचं मोल. पण तीच अडचण आगबोटीलाही होती. मोठी बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर नांगर टाकून उभी राही. मग खाली पडाव येत. वर-खाली होणाऱ्या लाटेवर नेमक्या क्षणी माणसाने पडावात उडी टाकायची. पोरं, गाठोडी, ट्रंका, कोंबड्या सगळं हातोहात खाली जायचं. वल्ही मारणारा खडक चुकवत किनाऱ्याला आणायचा. मुंबईपासून शेकडो किलोमीटर बिनतक्रार आलेल्या प्रवाशाची खरी परीक्षा शेवटच्या काही फर्लांगांत होई. हा शेवटचा तुकडा पुढे प्रत्येक वाहनाच्या बाबतीत असाच भेटणार आहे.

बोटीचा दुसरा दोष ऋतूचा. पावसाळा जवळ आला की किनाऱ्याची जलवाहतूक बंद, ती थेट पावसाचा जोर ओसरल्यावर सुरू. शिमग्याला बोट होती, मे महिन्याला होती, पण कोकणी माणूस गावाला हमखास जातो तो गणपतीला, आणि गणपती येतात भर पावसाच्या शेवटी. कोल्हापूरपर्यंत रेल्वे १८९१ साली आली. तिथे उतरून फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने खाली येणं, किंवा बेळगावकडून आंबोलीने सावंतवाडीला उतरणं, हे वाकडे मार्ग लोकांनी वापरले ते त्यामुळेच. समुद्राने माणसंही घेतली. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती मालवणची बोट नव्हती, पण धास्ती किनाऱ्यावरच्या सगळ्याच घरांनी खाल्ली.

प्रवासी बोटी पुढे हळूहळू थांबल्या. मध्ये एकदा १९९० च्या दशकात दमानियांची वेगवान कॅटमरान मुंबई–पणजी सात-आठ तासांत नेत होती, तीही टिकली नाही. २०१८ साली ‘आंग्रिया’ आली, पण ती पर्यटकांची. गणपतीला गावाला जाणाऱ्याची ती बोट नव्हे. २०२५ साली मुंबई ते जयगड आणि विजयदुर्ग अशी गाडीसकट माणूस नेणारी रो-रो सेवा जाहीर झाली. ही कल्पना मला आवडते, कारण तिच्यात घाट नाहीत आणि उतरल्यावर स्वतःची गाडी हाताशी आहे. मांडव्याच्या रो-रोने २०२० पासून अलिबागकरांचा दिनक्रम बदलला, हे डोळ्यांसमोर आहे. पण भाऊचा धक्का ते मांडवा म्हणजे जवळपास बंदरातल्या बंदरातलं अंतर. विजयदुर्ग खुल्या समुद्रावरचं. शंभर वर्षांपूर्वी आगबोटींना अडवणारा पाऊस अजून तोच आहे.

रस्त्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आजवर इतकं लिहिलं गेलंय की खड्ड्यांपेक्षा लेखच जास्त भरतील. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली पनवेल–इंदापूर टप्प्याने सुरू झालं. त्यानंतर दर वर्षी श्रावणात मंत्र्यांची पाहणी, खड्डे बुजवण्याची मुदत आणि चाकरमान्यांच्या गाड्यांना टोलमाफी हा क्रम चुकलेला नाही. गंमत अशी की सिंधुदुर्गातला भाग आधी झाला. खारेपाटण ओलांडलं की गाडी झाराप-बांद्यापर्यंत सुसाट जाते. अडतं ते रायगड-रत्नागिरीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर काम होतं, एवढं त्यातून कळलं. २०२३ च्या ऑक्टोबरात चिपळूणला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर कशेडीचा बोगदा एका बाजूने उघडला आणि घाटातला पाऊण तास वाचला, ही त्या वर्षातली चांगली बातमी.

रात्रीच्या एसटीने किंवा खासगी गाडीने मुंबई–मालवण अकरा ते तेरा तास धरायचे. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत कुणी तास धरत नाही. पण रस्त्याचं एक मोठेपण आहे. तो घरापासून घरापर्यंत जातो. बोरिवलीच्या नाक्यावरून बसलेला माणूस सकाळी आपल्या वाडीच्या वळणावर उतरतो. मधे कुठे बदल नाही, थांबणं नाही, सामानाचं वजन नाही. तांदळाची गोणी, गणपतीचं मखर, मुंबईच्या भाचरांनी टाकून दिलेली सायकल, सगळं टपावर जातं. पंधरा किलोच्या मर्यादेत कोकणी कुटुंब मावत नाही. ही गोष्ट विमानवाल्यांनी सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी होती.

आता रेल्वे. या प्रश्नातला सर्वांत भरीव भाग हाच आहे आणि त्यावर जरा थांबायला हवं. कोकणात रेल्वे आणण्याची मागणी बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत लावून धरली. ते वेंगुर्ल्याचे, राजापूर मतदारसंघाचे खासदार. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून मधू दंडवते आले आणि पुढे रेल्वेमंत्री झाले. दिव्याहून निघालेला रूळ आपट्यामार्गे रोह्यापर्यंत पोचायला १९८६ उजाडलं. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि ई. श्रीधरन यांनी काम अंगावर घेतलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जवळपास ७४० किलोमीटर, त्यात नव्वदच्या वर बोगदे. त्यातला करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटरचा. २६ जानेवारी १९९८ ला हा सगळा मार्ग सुरू झाला.

मालवणच्या दृष्टीने यात नेमकं काय घडलं? वेळ तर कमी झालाच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ सांगता येऊ लागला. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते आणि सकाळी न्याहारीच्या वेळेला कुडाळला येते. मध्यरात्री दादरहून तुतारी आहे, पहाटे जनशताब्दी, सकाळी मांडवी. २७ जून २०२३ पासून मुंबई–मडगाव वंदे भारत आहे. पाच पंचवीसला सुटून अकराच्या पुढेमागे ती कणकवलीला पोचते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिचा तेवढाच थांबा. कणकवलीहून मालवणला सव्वा तास. म्हणजे पहाटे ठाण्याला चढलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी. हाच हिशेब विमानाच्या हिशेबाशेजारी मांडून पाहा. फरक तासाभराचाही पडत नाही, आणि तिकिटाचं म्हणाल तर तो रेल्वेच्याच बाजूने जातो.

तिकिटावरून आठवलं. कोकण रेल्वेवर प्रवासी भाडं काढताना प्रत्यक्ष किलोमीटर ४० टक्के फुगवून धरले जातात. मार्ग बांधण्याचा जबर खर्च वसूल व्हावा म्हणून ही सोय केली गेली. त्यामुळे मुंबई–कुडाळ हे अंतर नकाशावर एक, रुळांवर दुसरं आणि तिकिटावर तिसरं आहे. दिल्लीच्या मैदानातला प्रवासी जेवढ्या पैशात शंभर किलोमीटर जातो, तेवढ्यात कोकणातला सत्तरेक जातो. २०२५ साली हे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्रानेही संमती दिली. विलीनीकरण पूर्ण होईल तेव्हा होईल, पण त्या वाटाघाटीत हे फुगवलेले किलोमीटर खाली आणण्याचा मुद्दा कोकणातल्या लोकप्रतिनिधींनी सोडता कामा नये.

पाऊस रेल्वेलाही सोडत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला निघालेली गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधाला अपघात झाला. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला जातो, डोंगर-कटिंगांवर जाळ्या बसल्या, गस्त वाढली आणि पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक पक्कं झालं. वंदे भारतही त्या दिवसांत आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. इथे मला तक्रार करावीशी वाटत नाही. उशीर आधीच छापून सांगितलेला असेल तर माणूस त्याप्रमाणे आपली कामं बसवतो. रेल्वेवरची खरी तक्रार निराळी आहे. वीर-रोहा हा छोटा तुकडा सोडला तर मार्ग अजून एकेरी. एक गाडी आली की दुसरीने बाजूला उभं राहायचं. विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं, पण रूळ एकच राहिला, म्हणून गाड्या वाढवायला जागा नाही. गणपतीच्या विशेष गाड्या सोडल्या की नियमित गाड्या तासन्‌तास क्रॉसिंगला. दुपदरीकरण हे या सबंध प्रश्नाचं एकमेव मोठं उत्तर आहे आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. रुळाला फीत बांधून कापता येत नाही, हे त्याचं कारण असावं.

विमानतळाची फीत मात्र दोनदा कापली गेली. परुळे-चिपीचा सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. पावसाळ्यात चार महिने रानफुलांनी झाकलेला, एरवी काळा ठणठणीत. झाडं तोडायची नाहीत, डोंगर फोडायचे नाहीत, सपाट जागा तयार मिळते, म्हणून धावपट्टीला सडा निवडणं स्वाभाविक होतं. आयआरबीने अडीच हजार मीटरची धावपट्टी बांधली. २०१८ च्या सप्टेंबरात गणेश चतुर्थीच्या तोंडावर चाचणीचं विमान उतरलं. ५ मार्च २०१९ ला टर्मिनलचं उद्घाटन झालं. पण परवाना नव्हता, त्यामुळे विमान नव्हतं. मग ९ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उद्घाटन झालं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री आणि नारायण राणे केंद्रीय मंत्री, दोघे एकाच मंचावर. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत विमानापेक्षा त्या दोघांच्या बोलण्याला जास्त जागा मिळाली. अलायन्स एअरचं एटीआर त्या दिवसापासून मुंबई–सिंधुदुर्ग सुरू झालं. तिकीट अडीच हजारांच्या आसपास.

त्या विमानातून जाणं देखणं होतं, हे कबूल करायला हवं. एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली पाहायला आडकाठी नाही. मुंबईहून दक्षिणेला जाताना आकाश मोकळं असेल तर डावीकडच्या खिडकीतून किनारा सरकत येतो : बाणकोटची खाडी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड. ज्या खाड्यांमुळे रस्त्याला दीडशे किलोमीटर जास्त पडतात, त्या वरून बोटाएवढ्या दिसतात. मग विमान खाली येतं, कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबागचं टोक दिसतं, पलीकडे भोगवेचा किनारा, आणि लगेच कातळ.

विमानतळ ते मालवण सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. पण मधे कर्लीची खाडी आहे. खाडीला वळसा घालून नेरूरपारच्या बाजूने पूल ओलांडून यायचं म्हटलं की पंचवीस-तीस किलोमीटर होतात. पडावाच्या काळातला शेवटचा तुकडा इथे वेगळ्या रूपात समोर येतो. मुंबईच्या टोकालाही तोच तमाशा. चाकरमानी आता गिरणगावात उरला नाही. तो डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, पनवेलला गेला. तिथून सहार गाठायला दोन तास, आधी हजर राहायचे दीड-दोन तास. शिवाय मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी कामाला एकच. ताशी पंचेचाळीसच्या आसपास विमानं तिथून उठतात-उतरतात. सत्तर माणसांच्या एटीआरला जेवढी जागा लागते तेवढीच दोनशे-तीनशे माणसांच्या मोठ्या विमानाला. रांगेत त्याला मान मिळणार नाही हे उघड आहे. बेचाळीस मिनिटांच्या उड्डाणाला वेळापत्रकात पंचाऐंशी मिनिटं का लिहावी लागतात, त्याचं बरंचसं उत्तर या रांगेत आहे. चढणं, उतरणं आणि फिरून धावपट्टीशी सरळ येणं यात उरलेलं.

इतकं करूनही लोक त्या विमानाने जात होते. मग ते थांबलं कशामुळे? इथे ‘उडान’ योजनेचं गणित समजून घ्यायला हवं. २०१६ साली जाहीर झालेल्या या योजनेत कंपनीने ठरावीक जागा स्वस्त दरात विकायच्या आणि तूट सरकारने भरून द्यायची. ही भरपाई तीन वर्षांची. तेवढ्यात मार्गाला स्वतःचे पाय फुटावेत अशी अपेक्षा. सिंधुदुर्गची तीन वर्षं २०२४ च्या ऑक्टोबरात संपली आणि त्याच महिन्यात अलायन्स एअरची मुंबई सेवाही थांबली. मधल्या काळात पहिली वर्षं चिपी दिवसाउजेडीच चालला. रात्री उतरायची सोय नाही, ढग खाली आले की विमान रद्द. पावसाळ्यात हे इतक्या वेळा झालं की परुळ्यात ‘आज इमान इला काय?’ हा नेहमीचा प्रश्न झाला. गणपतीला जाणारा माणूस असल्या तिकिटावर भरवसा ठेवत नाही. तो विमानाचं काढतो आणि जोडीला कोकणकन्येचंही काढून ठेवतो, मग एक रद्द करतो. तीन वर्षांत प्रवासी जमले नाहीत असं म्हणणाऱ्यांनी तीन वर्षांत विमान किती दिवस वेळेवर आलं हेही मोजावं. मुंबई थांबली तरी चिपी ओस पडला नाही. फ्लाय ९१ ने मार्च २०२४ मध्ये बंगळूर आणि हैदराबादची आणि ऑगस्टअखेरीस पुण्याची सेवा सुरू केली. पुण्याची गरज खरी आहे. पुण्याहून मालवणला थेट रेल्वे सोयीची नाही आणि रस्ता घाट उतरूनच येतो. मुंबईपेक्षा पुण्याच्या मार्गावर विमानाला जास्त अर्थ आहे, असं मला वाटतं.

चिपीच्या नशिबात आणखी एक गोष्ट लिहिलेली होती : मोपा. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, बांद्यापासून हाकेच्या अंतरावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. साडेतीन हजार मीटरची धावपट्टी, रात्रंदिवस विमानं, मुंबईला रोज अनेक फेऱ्या, शिवाय आखाताकडची थेट उड्डाणं. चिपीपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्याही आत. दाभोळी धरलं तर ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यात तीन विमानतळ. एरवी दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा नवा विमानतळ काढायचा तर केंद्राची खास परवानगी लागते. इथे राज्यं दोन, त्यामुळे दोघांचेही हट्ट पुरे झाले. सावंतवाडीच्या माणसाला मोपा अर्ध्या-पाऊण तासावर. मालवणहून मोपा ऐंशीएक किलोमीटर, पण बहुतेक रस्ता महामार्गाचा. एक विमान चुकलं तर दुपारचं आहे, तेही चुकलं तर संध्याकाळचं. दिवसाला एकच फेरी असलेला जवळचा विमानतळ आणि दिवसाला दहा फेऱ्या असलेला लांबचा विमानतळ यांत शहाणा माणूस लांबचा निवडतो. आखातातून सुट्टीवर येणारा देवगडचा माणूस आता मुंबईत उतरून रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसत नाही, मोपाला उतरून दुपारी गावात येतो.

आणि यातूनच एक मोठा प्रश्न निघतो. मालवणपासूनचं अंतर आपण सतत मुंबईशीच का मोजतो? मालवण–पणजी सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर, रस्त्याने शंभर-एकशेदहा. जिल्ह्यातला गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातो, मुंबईच्या केईएमला नव्हे. ॲम्ब्युलन्सने तीन तासांत बांबोळी. हा मार्ग इतका रुळलाय की ‘गोव्याक न्हेला’ म्हटलं की आजार किती गंभीर ते घरच्यांना कळतं. नोकरीचं, बाजाराचं, आता विमानाचंही मोठं गाव गोव्यात आहे. मुंबई मालवणला मानाने जवळची, पैशाने जवळची, मतांनी तर फारच जवळची. किलोमीटरने मात्र कधीच नव्हती. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला त्यामागेही हेच होतं : मुख्यालय लांब, सगळं काम लांब. ओरोसला मुख्यालय आलं, पुढे वैद्यकीय महाविद्यालयही आलं. आपल्या जिल्ह्यातच सोय झाली तर कितीतरी प्रवास मुळातच करावे लागणार नाहीत. प्रवासाचा वेळ वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. पण त्याला उद्घाटनाचं विमान लागत नाही.

पुढच्या योजनांची यादी लांब आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना अंतुल्यांच्या काळापासूनची. खाड्यांवर पूल पडले तर मालवण फाट्यावरचं गाव राहणार नाही, आणि कर्लीवरून सरळ आलं तर चिपी खरंच दहा-बारा किलोमीटरवर येईल. माझ्या मते चिपीला विमानांपेक्षा या पुलाची गरज जास्त आहे. शक्तिपीठ महामार्ग नागपूर-वर्ध्याकडून पत्रादेवीला येणार म्हणतात. सिंधुदुर्गातून त्याची मागणी मी फारशी ऐकली नाही, आंबोलीच्या जंगलाची काळजी मात्र ऐकली. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला, तो या हिशेबात खरा महत्त्वाचा. तिथून चिपी सुमारे ३३५ किलोमीटर, म्हणजे उड्डाणात काही फरक नाही. पण पनवेल, कळंबोली, डोंबिवली, ठाणे हा सगळा चाकरमान्यांचा पट्टा तिथून जवळ, आणि नव्या विमानतळावर लहान विमानांना जागा मिळण्याची शक्यता सहारपेक्षा बरी. घरापासून विमानापर्यंतचे दोन तास तिथे वाचू शकतात. हवेतली पाच मिनिटं वाचवण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे.

मग निकाल काय द्यायचा? मुंबई–मालवण हा रेल्वेचा मार्ग आहे. विमान त्याला पूरक आहे, बोट हौशीची आहे, रस्ता सामानाचा आणि वाडीवस्तीचा. सरकारने एकाच गोष्टीवर पैसा घालायचा ठरवला तर तो वीर ते सावंतवाडी दुसऱ्या रुळावर घालावा. चिपीची धावपट्टी बांधून झालेली आहे, ती मोडायचं कारण नाही. पण तिथे सेवा द्यायची तर रोज, ठरल्या वेळी, ढग असतानाही उतरता येईल अशा सोयीनिशी द्यावी, आणि सवलत तीन वर्षांनी खाडकन न तोडता हळूहळू उतरवावी. त्या विमानतळाला नाथ पै यांचं नाव द्यायचं ठरलं आहे. रेल्वेसाठी भांडलेल्या माणसाचं नाव धावपट्टीला लागतंय, ते शोभेल अशी सेवा तरी हवी.

या वर्षी गणपतीला जायचं असेल त्यांच्यासाठी : रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. परतीचं तिकीटही त्याच आठवड्यात काढून ठेवा. विमानाने जाणार असाल तर मुंबई–मोपा आणि, सेवा चालू असेल तर, मुंबई–चिपी दोन्ही बाजूंचं त्या दिवसाचं वेळापत्रक तपासा, आणि उतरल्यावर गावापर्यंत कोण न्यायला येणार ते तिकीट काढण्याआधी ठरवा.